विटनूम: गाव नकाशावरून गेलं, डंप जागेवरच

मेटलंड पार्कर ॲस्बेस्टॉसच्या खाणीत कधीच कामाला नव्हते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बंजिमा या ॲबोरिजिनल समाजाचे ते जाणते ज्येष्ठ. कॅरिजिनी राष्ट्रीय उद्यानात त्यांनी वर्षानुवर्षं रेंजर म्हणून नोकरी केली. ज्या घळी आणि ओढे त्यांच्या आजा-पणजाच्या पायाखालचे होते, तिथेच सरकारी गणवेशात फिरले. 2016 मध्ये त्यांना मेसोथेलिओमाचं निदान झालं. फुफ्फुसाच्या आवरणाचा हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एकाच कारणाने होतो: ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे आत गेल्याने. निदानानंतर बहुतेक रुग्ण वर्ष-दीड वर्ष काढतात. पार्कर सात वर्षांहून जास्त जगले आणि ती वर्षं त्यांनी एकाच मागणीला दिली. विटनूम या ॲस्बेस्टॉसच्या खाणीसाठी वसवलेल्या गावाजवळच्या घळीत पडलेले खाणीचे डंप, म्हणजे तंतू काढून उरलेल्या दगडाच्या भुग्याचे ढिगारे, साफ करा, एवढीच ती मागणी. 2024 च्या सुरुवातीला ते गेले तेव्हाही डंप जागेवरच होते.

विटनूमवर लिहिणारे बहुधा खाणकामगारांच्या मृत्यूंची कहाणी सांगून थांबतात. ती सांगायलाच हवी, पण मला या प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त अभ्यासण्यासारखी वाटते. सरकारने चार दशकं 'जागा रिकामी करणं' हाच उपाय मानला. लोक हलवले, घरं पाडली, नाव पुसलं आणि काम झालं असं धरलं. जे लोक मुळात ती जागा सोडून कुठे जाऊच शकत नाहीत, ते या हिशेबात कुठेच नव्हते. पार्करांचा झगडा या हिशेबाशी होता.

निळा दगड

विटनूम ज्या भागात आहे त्या पिलबाराचे डोंगर लोखंडाचे. हॅमर्सली रांगेतल्या घळींत उतरलं की लाल-तपकिरी खडकाचे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि त्यांच्यामधून कुठे कुठे निळसर करडी रेघ जाते. ती क्रोसिडोलाइटची, म्हणजे निळ्या ॲस्बेस्टॉसची. नखाने खरवडलं तर दगडाचे धागे सुटतात. डोळ्याला जो एक धागा दिसतो तो प्रत्यक्षात असंख्य तंतूंचा जुडगा असतो. सुटे तंतू दिसतच नाहीत. ते सरळ आणि अतिशय बारीक असतात, शरीरातल्या रसायनांना दाद देत नाहीत. फुफ्फुसात घाण खाऊन टाकणाऱ्या पेशींना हे तंतू ना गिळता येतात ना विरघळवता येतात. मग ते सरकत सरकत बाहेरच्या आवरणापर्यंत पोचतात आणि वीस, तीस, कधी पन्नास वर्षांनी तिथे कॅन्सर धरतो. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या जाती कॅन्सरकारक आहेत, पण मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळ्याइतका वाईट दुसरा नाही. (हेच खनिज क्वार्ट्झमध्ये कोंडलं जाऊन गंजलं की टायगर आय होतं. आपल्याकडे ज्योतिषाने सांगितलं म्हणून मनगटावर बांधतात तेच. त्या रूपात तंतू बंदिस्त असतात.)

लँग हॅनकॉक हा तिथल्या मल्गा डाउन्स नावाच्या अवाढव्य पशुपालन इस्टेटीवरचा माणूस. 1930 च्या दशकाच्या अखेरीला त्याने यॅम्पायर घळीत निळं ॲस्बेस्टॉस काढायला सुरुवात केली. 1943 मध्ये सीएसआर या बड्या साखर कंपनीने 'ऑस्ट्रेलियन ब्लू ॲस्बेस्टॉस' या उपकंपनीमार्फत धंदा ताब्यात घेतला. युद्धामुळे मागणी होती आणि राज्य सरकारला ओसाड उत्तर भाग वसवायचा होता. 1947 मध्ये घळीच्या तोंडाशी, खाणीपासून दहा-अकरा किलोमीटरवर, विटनूम गाव उभं राहिलं. ते सरकारने बांधलं, हे लक्षात ठेवायला हवं. पुढे जबाबदारीचा प्रश्न येतो तेव्हा ते उपयोगी पडतं. 1950 च्या दशकात हे पिलबारातलं सर्वांत मोठं गाव होतं.

कामगार बहुतांशी युद्धानंतर युरोपातून आलेले: इटालियन, पोलिश, डच, युगोस्लाव्ह. अनेकांच्या प्रवासाचा खर्च कंपनीने आगाऊ दिलेला असायचा आणि तो फिटेपर्यंत निघून जायची सोय नसायची. खनिजाचे थर बारीक, त्यामुळे आतल्या कामाच्या पोकळ्या जेमतेम कमरेएवढ्या. माणसं दिवसभर वाकून किंवा गुडघ्यांवर बसून खोदत. दगड दळून तंतू वेगळे काढणारी गिरणी त्याहून वाईट, कारण तिथे धूळ हाच माल होता. तंतू गोणपाटाच्या पोत्यांत भरून पॉइंट सॅमसन बंदरावर जात. 1943 ते 1966 या काळात सुमारे 1 लाख 61 हजार टन तंतू निघाला. त्यामागे उरला सुमारे 30 लाख टन दळलेला दगड, ज्यात तंतू शिल्लक होतेच. अशा ढिगाऱ्यांना गोव्याच्या खाणपट्ट्यात डंप म्हणतात, तोच शब्द इथे वापरतो.

हा भुगा गावासाठी फुकटचा माल होता. रस्त्यांवर, घरांच्या अंगणात, शाळेच्या मैदानावर, घोड्यांच्या शर्यतीच्या पटांगणावर, विमानतळावर तो पसरला गेला. त्याने लाल धूळ दबते म्हणून बायका खूश असत. फावड्याने पिंपं भरायच्या शर्यती लागत आणि त्यांचे फोटो आजही पाहायला मिळतात: उघड्याबंब अंगाने भुगा उपसणारे पुरुष आणि भोवती हसणारी गर्दी.

कळत नव्हतं असं नाही

1948 मध्ये एरिक सेंट या डॉक्टरांनी विटनूमला भेट देऊन राज्याची राजधानी पर्थ इथल्या आरोग्य खात्याला लिहिलं की इथे ॲस्बेस्टॉसिसचं, म्हणजे या धुळीने फुफ्फुसं निकामी करणाऱ्या आजाराचं, असं पीक येईल जे जगाने पाहिलेलं नसेल. खाण सुरू होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. 1950 च्या दशकाच्या शेवटी जिम मॅकनल्टी या सरकारी डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सावध केलं. खाण खात्याचे तपासनीस धुळीबद्दल शेरे मारत राहिले, पण खाण बंद करायचा अधिकार कुणी वापरला नाही. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी निळं ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमा यांचा संबंध छापून दाखवला. त्यानंतर दोनच वर्षांनी विटनूमचा पहिला रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात आला. खाण चालू राहिली. 1966 च्या अखेरीला ती बंद झाली ती तोट्यामुळे.

आकडे थोडक्यात असे. खाणीत आणि गिरणीत सुमारे 7,000 माणसांनी काम केलं. कुटुंबं धरून विटनूममध्ये राहून गेलेल्यांची संख्या 20,000 च्या आसपास सांगितली जाते. त्यातले 2,000 हून अधिक ॲस्बेस्टॉसच्या आजारांनी गेले असा अंदाज आहे. खाणीच्या ऑफिसात टंकलेखन करणाऱ्या जोन जूस्टन यांनी कंपनीवर दावा लावला. 1979 मध्ये त्या हरल्या आणि लवकरच वारल्या. 1988 मध्ये मात्र न्यायालयांनी कामगारांच्या बाजूने निकाल दिले. उपकंपनीच्या पडद्याआड न थांबता मूळ कंपनी सीएसआरलाही जबाबदार धरलं. ऑस्ट्रेलियाच्या कामगार कायद्यात हा मोठा टप्पा मानतात. भरपाई मिळू लागली ती आजारी माणसाला. आजारी जमिनीचा दावा कुणी लावलेला नव्हता, कारण कायद्याच्या लेखी तेव्हा त्या जमिनीला बंजिमा नावाचे धनीच नव्हते.

हजेरीपटाबाहेरची माणसं

विटनूमचा कामगारवर्ग जगातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या गटांपैकी आहे. कंपनीच्या नोंदवह्यांवरून संशोधकांनी एकेका माणसाचा दशकानुदशकं माग काढला. पण जे हजेरीपटावर नाहीत ते अशा यादीत आपोआप मागे पडतात. ॲबोरिजिनल पुरुष पोत्यांची वाहतूक करत, बंदरावर माल चढवत. पोती गोणपाटाची, म्हणजे सतत गळणारी. त्यांच्या बायकामुलांचे तळ ओढ्याकाठी असत आणि त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला डंप. पिलबारातल्या ॲबोरिजिनल लोकांत मेसोथेलिओमाचं प्रमाण जगात नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक प्रमाणांत मोडतं, हे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1990 च्या दशकातच दाखवलं होतं.

बाहेरून आलेल्या कामगारासाठी विटनूम हा आयुष्यातला एक मुक्काम होता. तो तिथून निघाला, आजार बरोबर घेऊन निघाला, पण नव्या तंतूंपासून सुटला. बंजिमांच्या बाबतीत असं सुटणं शक्य नव्हतं. घळीतली पाण्याची ठिकाणं, विधींच्या जागा, शिकारीच्या वाटा, पूर्वजांच्या गोष्टी ज्या खडकांशी बांधलेल्या आहेत ते खडक, सगळं तिथेच आहे. त्यांच्या रिवाजात जमिनीची देखभाल हे काम आहे आणि ते ठरावीक माणसांच्या अंगावर असतं. जमिनीवर जाऊन तिच्याशी बोलायचं, जाळ लावायचा, पाणी पाहायचं, पोरांना दाखवायचं. जिथे जाणंच धोक्याचं, तिथलं हे काम अडतं आणि पुढच्या पिढीला शिकवणंही अडतं. पार्कर रेंजर होते त्यामुळे त्यांना हा पेच दोन्ही बाजूंनी ठाऊक होता. पर्यटकांना 'इकडे जाऊ नका' सांगणं ही त्यांची नोकरी आणि इकडे जाणं हे त्यांचं कर्तव्य.

बंजिमांनी 1998 मध्ये 'नेटिव्ह टायटल'चा, म्हणजे वसाहतीपूर्वीपासून चालत आलेल्या जमीनहक्काचा, दावा दाखल केला. राज्य सरकारने तो शेवटपर्यंत लढवला. फेडरल कोर्टाने 2013 मध्ये बंजिमांच्या बाजूने निर्णय दिला आणि 2014 मध्ये सुमारे 10,000 चौरस किलोमीटरवर त्यांचा हक्क मान्य झाला. दाव्यात साक्ष देणारे कित्येक वडीलधारे निकालाआधीच वारले होते. हक्क मिळाल्यानंतर दोन वर्षांनी पार्करांचं निदान झालं.

हा खाणविरोधी आणि खाणवादी यांचा सरळ सामना आहे असं समजू नये. बंजिमांच्या भूमीवर लोहखनिजाच्या प्रचंड खाणी चालू आहेत आणि बीएचपी या बड्या खाण कंपनीबरोबर त्यांचा 2015 चा करार आहे. त्या करारातही ओरखडे आहेत. 2020 च्या मे महिन्यात शेजारच्या जुकान घळीतला 46,000 वर्षांचा वस्तीचा पुरावा असलेला शैलाश्रय रिओ टिंटो या दुसऱ्या खाण कंपनीने सुरुंगाने उडवला. त्यानंतर काही दिवसांतच बीएचपीला बंजिमांच्या सुमारे 40 जागा नष्ट करायची सरकारी परवानगी मिळाल्याचं समोर आलं. गदारोळ झाल्यावर कंपनीने हात आखडता घेतला. तरीही बंजिमा वाटाघाटीच्या टेबलावर बसतात. विटनूमबद्दल बोलायला टेबलापलीकडे कोणी येत नाही, ही त्यांची तक्रार.

बंद करण्याची चाळीस वर्षं

1978 मध्ये राज्य सरकारने आरोग्याच्या धोक्याचं कारण देऊन विटनूम हळूहळू गुंडाळायचं ठरवलं. घरं विकत घेऊन पाडायची, शाळा-दवाखाना बंद करायचा, येणाऱ्याला आवर घालायचा असं धोरण. काही हट्टी रहिवासी हलेनात. 2006 मध्ये वीज तोडली. 2007 मध्ये गावाचा अधिकृत दर्जा काढला, नकाशा आणि रस्त्यांवरच्या पाट्यांवरून नाव गेलं. 2008 मध्ये दूषित जागांच्या कायद्याखाली परिसराचं वर्गीकरण झालं: मानवी वस्तीला आणि कोणत्याही वापराला अयोग्य. हे क्षेत्र सुमारे 46,800 हेक्टर आहे, म्हणजे ढोबळमानाने बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढं. दक्षिण गोलार्धातली सर्वांत मोठी दूषित जागा असं त्याचं वर्णन केलं जातं. 2022 मध्ये विटनूम बंद करण्याचा खास कायदा झाला, उरलेले मोजके खासगी भूखंड सक्तीने ताब्यात आले, त्याच वर्षी शेवटच्या रहिवासी बाईंना घर सोडावं लागलं. 2023 मध्ये उरलीसुरली घरंही पाडली गेली.

ही सगळी पावलं एकत्र वाचली की लक्षात येतं, प्रत्येकाचा रोख माणसांवर आहे. माणूस आणि तंतू यांच्यातलं अंतर वाढवायचं, बस्स. जोखीम-व्यवस्थापनाच्या पुस्तकात हे बरोबर बसतं: धोका आहे पण संपर्क नाही, म्हणून जोखीम नाही. पर्थच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला 1,400 किलोमीटरवरची निर्मनुष्य घळ सुरक्षित वाटते. घळ निर्मनुष्य आहे, हे गृहीतकच बंजिमांना मान्य नाही. 2022 चा कायदा येत असताना त्यांचं म्हणणं नेमकं हेच होतं: गाव बंद करणं म्हणजे जमीन साफ करणं होत नाही, आणि या कायद्यात सफाईचं एक अवाक्षर नाही.

निर्मनुष्य हे तसंही कागदावरच. बंदी असलेल्या जागेचं आकर्षण काही पर्यटकांना सुटत नाही. इशाऱ्याच्या पाट्यांशेजारी उभं राहून फोटो काढायचे, घळीतल्या डोहात पोहायचं, भुग्याच्या उतारावर चढायचं, असले उद्योग वर्षानुवर्षं चालत आले आहेत.

आणि तंतू बंदी पाळत नाहीत. डंप घळीच्या तीव्र उतारावर आहेत आणि पायथ्याशी जॉफ्री ओढा वाहतो. पिलबारात एरवी कोरडं ठाक असतं, पण उन्हाळी चक्रीवादळ आलं की एका रात्रीत घळ दुथडी भरते. पाणी डंपाचा पायथा कुरतडतं, वरचा भाग घसरतो आणि निळा-करडा भुगा ओढ्याबरोबर खाली फोर्टेस्क्यू नदीच्या पूरमैदानाकडे निघतो. पाणी ओसरलं की काठावरच्या वाळूत तंतू वाळतात, मग वारा त्यांना उचलतो. म्हणजे 'दूषित क्षेत्र' म्हणून नकाशावर आखलेली हद्द स्थिर आहे, दूषण चालतं आहे. दर मोसमात उशीर होतो तेवढं सफाईचं काम वाढतं. स्वस्तात वाट पाहता येईल अशी ही समस्या नाही. सरकारी धोरणातली मला सर्वांत मोठी चूक वाटते ती ही.

साफ करायचं म्हणजे काय

इथे सरकारच्या बाजूचंही ऐकलं पाहिजे, कारण काम खरोखर अवघड आहे. भुगा हलवायचा म्हणजे आधी तंतू हवेत उडवायचे. अरुंद घळ, खडा उतार, अवजड यंत्रांना वाट नाही, सतत पाणी मारत राहावं लागणार आणि पिलबारात पाणी दुर्मीळ. काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसांची जबाबदारी वेगळीच. खाली वाहून गेलेले तंतू तर मैलोन्मैल गाळात मिसळले आहेत. ते चाळून काढणं अशक्य आहे. 1940 च्या आधीची घळ कुणीही परत देऊ शकणार नाही, आणि हे बंजिमांनाही कळतं.

पण 'सगळं साफ होणार नाही' यावरून 'काहीच करू नये' हे निघत नाही. मधले पर्याय आहेत. डंपांचा उतार कमी करून त्यांवर जाड दगड-मातीचं आवरण घालायचं. ओढ्याकडच्या बाजूला दगडी बांध घालायचा किंवा प्रवाह वळवायचा. जवळच्या जुन्या बोगद्यांत जमेल तेवढा माल परत भरून तोंडं बंद करायची. ज्या डंपांचा पायथा पुरात कापला जातो त्यांना अग्रक्रम द्यायचा, म्हणजे निदान नवा भुगा खाली जाणं थांबेल. यात अद्भुत असं काही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात याच निळ्या ॲस्बेस्टॉसचे बेवारस डंप सरकारी खर्चाने माती आणि झाडोऱ्याखाली झाकायचं काम कित्येक वर्षं चाललं आहे. ते परिपूर्ण नाही, पण सुरू तरी आहे. विटनूमबाबत राज्य सरकारने सल्लागारांकडून अहवाल करून घेतले. अहवालांनंतर बंदीच्या पाट्या वाढल्या.

एक हिशेब मात्र करून पाहण्यासारखा आहे. पिलबारातून वर्षाला 80 कोटी टनांहून जास्त लोहखनिज जहाजांत भरलं जातं. विटनूमचा सगळा डंप 30 लाख टनांचा. म्हणजे पिलबारा जेवढा दगड दोन दिवसांच्या आत हलवतो, तेवढाही हा नाही. लोहखनिज आणि ॲस्बेस्टॉसचा भुगा एका पद्धतीने हाताळता येत नाहीत, हे मान्य. तरी दगड हलवण्याची, उतार घडवण्याची, धूळ दाबण्याची एवढी यंत्रसामग्री आणि एवढे इंजिनिअर जगात दुसऱ्या कुठल्या डोंगराळ भागात क्वचितच असतील. 2020-21 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या तिजोरीत लोहखनिजाच्या स्वामित्वधनापोटी 10 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर रक्कम आली, ती बहुतांशी याच डोंगरांतून. ही लोहखनिजाची दौलत जगापुढे आणणाऱ्यांत लँग हॅनकॉक अग्रणी होता. 1952 मध्ये विमानातून त्याने हे लोहखनिजाचे डोंगरकडे पाहिल्याची कथा ऑस्ट्रेलियात शाळकरी पोरांनाही माहीत असते. त्याच माणसाने सुरू केलेल्या आधीच्या धंद्याबद्दल तेवढं बोललं जात नाही.

आपल्याकडेही असा एक डोंगर आहे. झारखंडमधल्या चाईबासाजवळच्या रोरो टेकड्यांवर ॲस्बेस्टॉसची खाण होती. 1983 मध्ये ती बंद पडली. कंपनी निघून गेली, भुगा टेकडीवर राहिला आणि खाली 'हो' या आदिवासी समाजाची भातखाचरं. तिथलं ॲस्बेस्टॉस पांढरं, राज्यव्यवस्था वेगळी, पण आराखडा तोच. ऑस्ट्रेलियाने 2003 च्या अखेरीपासून ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली. भारत आजही दरवर्षी लाखो टन पांढरं ॲस्बेस्टॉस आयात करतो आणि ते मुख्यतः आपण 'सिमेंटचे पत्रे' म्हणतो त्यात जातं. मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात ॲस्बेस्टॉसचा माल बनवणारे कारखाने होते, तिथल्या कामगारांच्या आजारांचे दावे मुंबईला नवे नाहीत. डंप मात्र आपल्या नजरेआड झारखंडात आहेत, त्यामुळे महाराष्ट्रात त्यावर कुणी बोलत नाही.

बिल कोणाच्या नावावर

पार्करांच्या मागणीला राज्य सरकारने कधी तोंडावर 'नाही' म्हटलं असं दिसत नाही. सहानुभूती मिळाली, समित्या झाल्या. अडतं ते पैशांपाशी, आणि पैशांपेक्षाही पायंड्यापाशी. विटनूमची जबाबदारी घेतली तर पिलबारात आणि राज्यभर पडलेल्या इतर बेवारस खाणींचं काय, ही भीती. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या 2003 च्या दूषित जागांच्या कायद्यात 'ज्याने घाण केली त्याने भरावं' हे तत्त्व आहे. पण घाण करणारी उपकंपनी नाव बदलून 'मिडाल्को' झाली आणि नुसतं कागदावरचं नाव उरलं. खाणपट्टे सरकारकडे परत गेले. मूळ कंपनी सीएसआर बांधकाम साहित्याच्या धंद्यात तगून राहिली, आजारी माणसांच्या दाव्यांसाठी तिने ताळेबंदात दरवर्षी तरतूद ठेवली. 2024 च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या सँ-गोबँने तिला विकत घेतलं. आपल्या खिडक्यांच्या काचांवर हे नाव असतं. कंपनीचा मालक बदलल्याने तिची जुनी देणी पुसली जात नाहीत, पण घळीतल्या भुग्याचं देणं तिच्या नावावर कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

राहिला नेटिव्ह टायटलचा मार्ग. 2019 मध्ये टिंबर क्रीक खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, जमिनीच्या किमतीबरोबरच सांस्कृतिक हानीचीही भरपाई मान्य केली. एकूण 25 लाख डॉलरांहून थोड्या जास्त रकमेपैकी 13 लाख डॉलर याच हानीचे होते. बंजिमांच्या दृष्टीने हे मोलाचं. अडचण तारखेची आहे. भरपाईचा हक्क साधारणपणे 1975 च्या वंशभेदविरोधी कायद्यानंतरच्या सरकारी कृतींना लागू होतो, आणि विटनूमची खाण 1966 मध्येच बंद झाली होती. 2025 च्या मार्चमध्ये युनुपिंगू खटल्यात हायकोर्टाने ही रेषा मागे नेली, 1911 पर्यंत. पण ती नॉर्दर्न टेरिटरीसाठी, कारण ती केंद्र सरकारच्या थेट ताब्यात होती आणि केंद्राला राज्यघटनेने वाजवी मोबदल्याचं बंधन घातलेलं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलिया हे राज्य आहे, त्याला ते बंधन लागू नाही. एकाच देशात, एकाच काळात, एकसारखं नुकसान झालेले दोन समाज. एकाला न्यायालयाचं दार उघडं आणि दुसऱ्याला नाही, ते केवळ मधल्या सरहद्दीमुळे.

आता वकिलांसमोर उरतो तो 1975 नंतरचा काळ. 1978 चं धोरण, 2007 चं नाव काढणं, 2008 चं वर्गीकरण, 2022 चा कायदा ही सगळी राज्य सरकारची नंतरची पावलं आहेत आणि यांतल्या एकातही डंपांचा बंदोबस्त नव्हता. गाव बांधणारं सरकार, खाणीला परवाने देणारं सरकार आणि परत आलेले पट्टे ताब्यात घेणारं सरकार एकच आहे. त्याने धोका ओळखून माणसं हलवली, पण धोक्याच्या मुळाला हात लावला नाही. हे हक्कावरचं अतिक्रमण ठरवता येईल का, यावर मतभेद होऊ शकतात. मला ते ठरावं असं वाटतं, पण कोर्टाने असं म्हणावं यासाठी भक्कम आधार अजून कुणी उभा केलेला नाही. आजाराच्या शेवटच्या काळात पार्करांनी एका माहितीपटाच्या चमूला बरोबर घेऊन स्वतःचं आजारपण आणि ती घळ दोन्ही चित्रित होऊ दिली. माहितीपट त्यांच्या मृत्यूनंतर, 2025 मध्ये, लोकांपुढे आला. बंजिमांची संघटना तीच मागणी घेऊन पर्थला जाते आहे.